चंद्रव्वाच्या दारचा दगड

सोलापुरातला तो बोळ इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावंच लागे. विणकरांना मात्र तोच सोयीचा. उन्हं चढायच्या आत सुताचा ताणा बोळभर पसरायचा, खळ लावून कुंचा फिरवायचा आणि ताण्याची दोरी बोळाच्या टोकाला, चंद्रव्वाच्या ओट्यापुढल्या दगडाला बांधायची. तेवढा वेळ जाणं-येणं बंद.

चंद्रव्वा एकटी विधवा, तोंडाची फटकळ. "मेल्यांनो, माजं दार अडवून बसता! पान्याला जाऊ कशी मी?" वीस वर्षं रोज हेच. मग कुणीतरी तिची घागर भरून आणी. एखाद्या सकाळी शिव्या ऐकू आल्या नाहीत, तर म्हातारी आजारी दिसते म्हणून लोक आत डोकावून जात. तिला हे सगळं हवंहवंसं वाटे. पण कबूल करेल तर ती चंद्रव्वा कसली!

एकोणीसशे अठ्ठावीस साली गटार बांधायचं निघालं. ओटे गेले, त्यात तो दगडही उखडला. विणकरांतला वडीलधारा शिवप्पा भला माणूस. त्याला वाटलं, म्हातारीची अडचण एकदाची सुटली, आता तिला त्रास नको. ताणा तो पलीकडच्या माळावर नेऊ लागला. तिथं वारा मोकाट, खळ भराभर वाळे, सूत तटातटा तुटे. तरी त्यानं तक्रार केली नाही.

चंद्रव्वाचं दार मोकळं झालं. पहिल्या दिवशी तिनं स्वतः पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी दारात बसून राहिली. शिव्या द्यायला बोळात कुणी नव्हतं. उद्या आपण उठलोच नाही तर कुणाला कळणार, असं तिच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी ती शिवप्पाच्या दारात उभी राहिली.

"ताना कुटं नेतोस रं?"

"तुला तरास नको म्हनून की, अव्वा. आन् दगड बी न्हाय आता."

"दगड न्हाय, पर माज्या घरात खांब हाय की! दारासमोरच. का माजं घर बी चालंना तुमाला?"

वीस वर्षांच्या शिव्या शिवप्पाला तेव्हा कुठं कळल्या.

दुसऱ्या सकाळी दोरी उंबरा ओलांडून आत गेली. त्या बारक्या दारातून आता बाहेर पडायची सोयच उरली नाही. चंद्रव्वा खांबाला टेकून दोरीवर हात ठेवून बसली. बोळात कुंचा फिरला, की दोरी तळव्याखाली थरथरे. तिनं डोळे पुसले आणि आवाज लावला, "मेल्यांनो, माजं दार अडवून बसता!"

"घागर दे की, अव्वा," दोरीखालून वाकत शिवप्पा म्हणाला.