वीस दिवस कुत्रा, आठ दिवस सासूबाई

नागपूरचं सरकार उचलून भोपाळला आणलं तेव्हा त्याच्याबरोबर फायली आल्या, टाइपरायटर आले आणि आम्हीही आलो. आमचे हे कारकून. टी. टी. नगरात ओल्या चुन्याचा वास येणाऱ्या नव्या क्वार्टरांची एक रांग होती, तिच्यात आठ घरं मराठी. त्यांतल्या सात घरांना भोपाळ ही तात्पुरती गैरसोय वाटायची. त्यांनी ट्रंकासुद्धा पुरत्या उघडल्या नव्हत्या. मुलांना सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी टांगे हजर, आणि सगळी रांग नागपूरला रवाना.

मागे राहायचं एकच घर, आमचं. त्याला कारण सासूबाई. भोपाळला येताना आगगाडीत त्यांचे गुडघे असे आखडले की चौघांनी धरून फलाटावर उतरवलं. त्या दिवसापासून त्यांचा प्रवास बंद. नळाचं पाणी भरणं, चूल पेटवणं, हे त्यांना जमेना. म्हणजे घरात कोणीतरी बाईमाणूस हवंच. आमचे हे महिन्यातले दहा दिवस साहेबांबरोबर दौऱ्यावर. पहिल्याच दिवाळीत मी माहेरचा विषय काढला तर हे म्हणाले, ''आईला दुसऱ्या कोणाच्या हवाली केलेलं नाही चालायचं.'' त्यावर काय बोलणार? अशी तीन वर्षं मी माहेरचा उंबरा पाहिला नाही.

आता, जी बाई सुट्टीत हमखास घरी असते तिचा उपयोग रांगेला न सुचला तरच नवल. पहिल्या उन्हाळ्यात एक पोपट आला. दिवाळीत एक मांजर आलं, ते जाताना चार झालं. मी मुद्दल व्याजासकट परत केलं, तर त्या घरच्या बाई माझ्यावरच रुसल्या. पुढच्या उन्हाळ्यात पोपट, मांजर आणि दोन कोंबड्या, सगळे एकदम. पोपट आणि मांजर एका छपराखाली नांदवणं काय असतं, ते मला विचारा. मी पिंजरा न्हाणीघराच्या खुंटीला टांगून ठेवला होता. त्यामुळे आंघोळ पोपटाच्या देखत करावी लागे आणि तो मान तिरकी करून बघत बसे.

या सगळ्याचा मोबदला म्हणजे ब्लाउजपीस. नागपूरहून आल्यावर प्रत्येक बाई कुंकू लावायची आणि हातावर एक ब्लाउजपीस ठेवायची. ते कापड कोणी कधी शिवायचं नाही. ते या ट्रंकेतून त्या ट्रंकेत फिरायचं. एकदा तर मला माझाच परत मिळाला, हळदीच्या डागासकट. मी तो सासूबाईंना दाखवला. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सासूबाई बोलायच्या कमी, पण अशा गोष्टींना अगदी पोटभरून हसायच्या.

आणि अपेक्षा म्हणाल तर किती! माझं मत तेव्हाही साधं होतं आणि आजही तेच आहे. जनावर सांभाळायला दिलं की ते जिवंत, पोट भरलेलं आणि मोजून तेवढंच परत मिळावं, एवढी अपेक्षा करावी. पण आमच्या बायकांना त्याहून जास्त हवं असायचं. पोपट वाळला का, असं विचारायचं आणि मांजर गुटगुटीत झालं तर 'आम्हाला विसरली गं' म्हणून डोळ्याला पदर लावायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात कुत्रा आला. तो हेडक्लार्कीणबाईंचा. त्यांचे यजमान ह्यांच्या सेक्शनचे हेडक्लार्क, म्हणून सगळी रांग त्यांना पाठीमागे हेडक्लार्कीणबाई म्हणे आणि तोंडावर वहिनी. कुत्रा पांढरा, केसाळ, दोन मुठींएवढा. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे तेच नाव आमच्या एका व्याह्यांचं निघालं. टांगा दाराशी उभा, मुलं टांग्यात, आणि वहिनींनी माझ्या हातात एक कागद दिला. आमच्याकडे सगळेच सरकारी, त्यामुळे कुत्र्याचाही चार्ज लेखी. सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, पोळी सकाळचीच. चार वाजता बशीत चहा, फुंकर घालून गार केलेला. हिंगाचा वास सहन होत नाही, तेव्हा फोडणीत हिंग नको. दुपारी झोपताना पाठ खाजवावी, नाहीतर डोळा लागत नाही. घरात एकटं अजिबात ठेवू नये.

मी तो कागद वाचला आणि माझं डोकं फिरलं. माझी पाठ शेवटची कोणी खाजवली होती, ते मला आठवत नव्हतं.

''वहिनी, किती दिवस?'' मी विचारलं.

''वीस. आल्यावर तुला छानसा ब्लाउजपीस आणते हो.''

''ब्लाउजपीस नको,'' मी म्हणाले. ''वीस दिवस मी तुमचा कुत्रा सांभाळते. थंडीत मला आठ दिवस माहेरी जायचंय, तेव्हा तुम्ही आमच्या सासूबाईंना सांभाळा.''

आतल्या खोलीत सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. पण तोंडातून निघालेलं आता परत कसं घेणार? वहिनी माझ्याकडे, मग टांग्याकडे, मग कुत्र्याकडे बघायला लागल्या. टांगेवाला ओरडला, ''को खाँ, गाड़ी निकल जाएगी!'' वहिनी घाईघाईने म्हणाल्या, ''बरं बाई, बरं.'' आणि गेल्या.

मी आत आले. सूप पुन्हा सुरू झालं होतं. सासूबाईंनी मान वर केली नाही, मीही तशीच चुलीकडे गेले. कुत्र्याला मात्र मी वीस दिवस कागदाबरहुकूम ठेवला. आमच्या वरणातला हिंगसुद्धा बंद केला. सासूबाईंना हिंगाशिवाय घास उतरायचा नाही. त्या ताटाकडे बघायच्या, कुत्र्याकडे बघायच्या आणि मुकाट्याने जेवायच्या. दुपारी मी त्याची पाठ खाजवत बसे, तेही त्या पलंगावरून बघत.

ह्यांना सौदा कळला तो कुत्रा परत गेल्यावर. ''तुला माझी नोकरी घालवायची आहे का?'' म्हणाले. ''त्या हेडक्लार्कच्या बायको आहेत. त्यांना कामाला लावतेस?''

''त्यांनी मला लावलं तेव्हा नाही कोणाची नोकरी गेली,'' मी म्हणाले. पण आतून टरकले होते, खोटं कशाला सांगू.

मार्गशीर्षात हे दौऱ्यावर असताना नागपूरहून पत्र आलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता; वर्षभर तिला नुसता अंधुक उजेड दिसत होता. ऑपरेशन ठरलं. वडिलांनी लिहिलं होतं, पट्टी सोडतील तेव्हा तू समोर असावीस असं तिच्या मनात आहे, पण तुझी अडचण आम्ही जाणतो. शेवटचं वाक्य वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. माझी अडचण सगळ्यांनाच इतकी चांगली समजली होती की मला यायचा आग्रह करणं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

तोंड धुऊन मी थेट वहिनींच्या दारात. त्यांनी आधी न आठवल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, ''ते मी थट्टेत म्हटलं होतं गं. माणसाचं आणि कुत्र्याचं एक कसं होईल?''

''एक नाहीच,'' मी म्हणाले, ''म्हणून तर विसाला आठच मागितले. आणि सासूबाई चावत नाहीत.''

कुत्रा मला बघून वहिनींच्या पायांतून निसटला आणि माझ्याभोवती नाचू लागला. त्यापुढे त्यांना नाही म्हणता येईना. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं: आईचं ऑपरेशन आहे, मी आठ दिवस जाते, तुमची सोय वहिनींकडे केली आहे. त्या एवढंच म्हणाल्या, ''माझी जपमाळ आणि गुडघ्याचं तेल बांधून दे.'' मी दोन्ही बांधून दिलं, तीन घरं पलीकडे त्यांना हळूहळू चालवत नेलं आणि मागे न बघता स्टेशन गाठलं.

पट्टी सुटली तेव्हा मी आईच्या समोर बसले होते. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा तिच्या डोळ्यांवर धरला. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, ''वाळलीस गं. आणि कुंकू तिरपं लावलंयस.'' मी इतकी सुखावले की तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसले आणि रडले, दोन्ही एकदम.

आठव्या दिवशी भोपाळला उतरले आणि सामान दारात टाकून सासूबाईंना आणायला गेले. दार वहिनींनी उघडलं. आठ दिवसांत त्याच वाळल्या होत्या.

''अगं, तुझ्या सासूबाईंचं घरी काय काय असतं गं!'' त्या कुजबुजल्या. ''सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, तीही ताजी. चहा बशीत, फुंकर घालून. दुपारी पाठ खाजवली नाही तर डोळा लागत नाही म्हणे. मला हळदीकुंकवाला जाऊ देईनात, एकटं बरं नाही वाटत म्हणून. आणि हिंग! फोडणीत हिंगाचा खडा पडला की नाकाला पदर लावून बसतात. तू हे रोज करतेस?''

सासूबाई समोर पलंगावर जपमाळ ओढत बसल्या होत्या, चेहरा देवघरातल्या समईसारखा शांत. कुत्रा त्यांच्या पायांशी झोपला होता.

''करते हो वहिनी,'' मी कशीबशी म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून हसत सुटलो. सासूबाईंना उभं राहवेना, शेवटी कुणाच्या तरी ओट्यावर टेकलो. समोरून आमचा दूधवाला सायकल ढकलत चालला होता, तो थांबला. ''अम्माँ, तबियत तो ठीक है?'' सासूबाईंनी हातानेच त्याला जा म्हटलं.

''चांगले वसूल केलेत,'' मी म्हणाले.

''मग! वीस दिवस मी बिनहिंगाचं जेवले आहे,'' सासूबाई म्हणाल्या. जरा दम घेतला. मग विचारलं, ''आईला दिसतं ना आता?''

''दिसतं. मला म्हणाली, वाळलीस.''

''म्हणणारच.'' त्या थोडा वेळ गुडघे चोळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ''माझ्या मुलाला विचारलंस. त्या बाईला दारात अडवून विचारलंस. कुत्र्याशी माझी तुलना केलीस, त्याचंही मला काही नाही, हसू आलं. पण तीन वर्षांत मला नाही एकदा विचारलंस, मी जाऊ का म्हणून.''

''हे म्हणाले होते, तुम्हाला चालणार नाही.''

''तो म्हणाला,'' सासूबाई म्हणाल्या. ''मला काय चालतं, ते त्याने तरी कधी विचारलं?''

मी त्यांचे गुडघे चोळले होते, पाणी तापवलं होतं, त्यांच्यामुळे अडकले म्हणून मनातल्या मनात त्यांना दोषही दिला होता. मोबदल्याचा एवढा हिशेब मांडणारी मी, पण त्यांच्यासमोर बसून एक साधा प्रश्न विचारणं मला सुचलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ओट्यावरच्या चुन्याचे पोपडे नखाने खरवडत बसले.

''सासूबाई,'' शेवटी मी म्हणाले, ''उन्हाळ्यात मी पंधरा दिवस जाऊ का?''

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना उठवलं.

''जा,'' त्या म्हणाल्या. ''मला तू पहिल्या वर्षी विचारलं असतंस, तर पहिल्या वर्षीच जा म्हटलं असतं.''