दहापैकी सहा

मानसिंगराव मोहितेसरांची माझी पहिली भेट माधवनगरला, आमच्या भाड्याच्या खोलीत झाली. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कडेगावला परतलेले सर एका संकेतस्थळासाठी व्हिडिओ गेमची मराठीत परीक्षणे लिहीत. सुनीता आणि मी आमचा पहिला गेम बनवत होतो. मेढ्याच्या डोंगरात हरवलेली म्हैस शोधायची, असा तो खेळ. सर खेळत बसले, चहा गार झाला. जाताना म्हणाले, "लय जीव हाय यात. शेवट तेवढा घाईत उरकू नका."

आम्हाला तो घाईतच उरकावा लागला. प्रकाशक कंपनीने तारीख अलीकडे ओढली. शिवाय करारात कलम होते: परीक्षणांची सरासरी आठाच्या खाली आली, तर पुढच्या गेमला पैसे नाहीत. सरांना हे ठाऊक होते. तरी त्यांनी सहा गुण दिले. लहान गेमची परीक्षणे येतात मोजकीच. त्या सहाने सरासरी खाली ओढली आणि आमचे काम बंद पडले.

मी तडक कडेगाव गाठले. "सर, दोन गुण वाढवले असते तर तुमचं काय गेलं असतं?"

"माझं न्हाई. जो माझं वाचून गेम इकत घेतो, त्याचं गेलं असतं." मग खाली बघत म्हणाले, "शेवट फसलाय, शबाना. तुला बी ठावं हाय."

ठाऊक होते, म्हणून तर राग अधिक आला.

खोली रिकामी करायच्या दिवशी सर स्वतः टेम्पो घेऊन आले, टेबले उचलू लागले. सुनीता त्यांच्याशी बोलली नाही. ती आता पुण्यात बँकेचे फोन घेते. गेमचे नाव काढत नाही.

पुढे एका बड्या कंपनीच्या गेमला सरांनी चार गुण दिले. त्या कंपनीच्या जाहिराती संकेतस्थळावर होत्या. संपादकांनी न विचारता आठ छापले. 'हा आकडा माझा नाही,' असे जाहीर करून सरांनी काम सोडले. म्हणजे त्यांचा न्याय आमच्यापर्यंत पोचला. बड्यांपर्यंत तो पोचू दिला गेला नाही. तेव्हा त्यांच्या बाजूने एक ओळ लिहायला जे धजावले नाहीत, तेच आज सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात त्यांच्या निःस्पृहतेचे गोडवे गात आहेत.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या हातून आणखी पुष्कळ परीक्षणे लिहून होवोत, आणि त्यांतले एखादे तरी बड्यांना लागो.