पत्रिका वाचायचा मान

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण आम्हा दोघांत वाचणारा मी एकटाच. लग्नाची पत्रिका आली की बायको पदराला हात पुसून समोर बसायची आणि मी नवरदेवापासून निमंत्रकापर्यंत सगळं खड्या आवाजात वाचून दाखवायचो.

मग अमरावतीच्या काही पोरांनी लिहा-वाचायला शिकवणारं अ‍ॅप काढलं. महिन्याची फी दोन कप चहाएवढी. नातीनं ते आजीच्या फोनवर टाकून दिलं. फोनमधली बाई तिला "शाब्बास" म्हणायची, ती लाजायची, आणि माझा जीव जळायचा. संसारात तिला शाब्बास म्हणायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

एकदा पडद्यावर 'मला पाणी हवे' असं आलं. ती म्हणाली, "मले पाणी हवे."

"पुन्हा प्रयत्न करा," फोन बोलला.

मी खूश. "घे! फोन बी तुले अडाणी म्हणून राहिला."

"मंग तुमी बोला न त्याच्याशी. काहून, भेव लागते का?"

पुढं अकोल्याहून साळ्याच्या घरची पत्रिका आली. मी चष्मा लावून बसलो. ती मात्र ओसरीवर बसून पत्रिकेवर बोट फिरवत स्वतःच वाचत होती. "अवो, लग्न संध्याकाळचं हाय," तिनं मला सांगितलं. मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मी तिचा फोन घेतला आणि तेच वाक्य ठणकावून वाचलं, "मले पाणी हवे."

"पुन्हा प्रयत्न करा."

"तूच कर," म्हटलं, आणि चष्मा पुसून पुढचं वाक्य काढलं.