आक्का, बस्ता आणि मालकाचं परवडणं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, बेळगावातल्या आमच्या साड्यांच्या दुकानाला पगार वाढवणं परवडत नव्हतं. मालक हे दर दिवाळीला सांगत. सांगताना डोक्यावर नवं झुंबर लखलखत असे. झुंबर परवडलं होतं. दारातलं कारंजंही परवडलं होतं.

माझ्या शेजारच्या गादीवर साड्या दाखवणाऱ्या आक्कांनी यंदा लग्नसराईच्या तोंडावर वाढ मागितली. मालकांनी नफा-तोट्यावर प्रवचन झोडलं. आक्कांनी डबा उचलला आणि त्या समोरच्या दुकानाकडे निघाल्या. तिथं पगार जास्त होता आणि दुकान अजून बुडालेलं नव्हतं.

तेवढ्यात बेळगुंदीहून टेम्पो भरून एक घर लग्नाच्या कापडांचा बस्ता बांधायला आलं. त्या घरच्या आजवरच्या सगळ्या नवरी मुलींच्या साड्या आक्कांनीच निवडलेल्या. नवरीच्या आत्यानं त्यांना पायरीवरच गाठलं.

"कुठं निघालीस गं?"

"समोरच्या दुकानात. आता तिथंच."

"मग आम्ही हितं कारंजं बघत बसू व्हय? चला रं सगळी!"

टेम्पोभर माणसं वळली. मालक गादीवरून उठून अनवाणीच रस्त्यावर धावले आणि सगळ्या बाजारादेखत ओरडले, "आक्का, मागशील तेवढा पगार देतो, पण ह्यास्नी आत आण!"