गद्रे सरांचा पॉज

ज्यांची नाटकं चालतात त्यांच्या घरी फोटोंचे अल्बम असतात. ज्यांची पडतात त्यांच्याकडे किस्से. आमच्या पनवेलच्या ग्रुपकडे एकही धड फोटो नाही, यावरून काय ते समजा. जुने दोघं-तिघं भेटलो की चहा येईपर्यंत एक किस्सा होतो, चहा पिताना दुसरा, आणि मग सगळे घड्याळं बघायला लागतात. त्यापुढच्या किश्शांना हसू येत नाही.

सगळे किस्से एकाच नाटकाचे आहेत. आमचे गद्रे सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला त्यांना एका इंग्लिश नाटककाराचं वेड लागलं. नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. हा साहेब म्हणे आधी विम्याच्या कचेरीत होता, चाळिशी उलटल्यावर नाटकं लिहायला लागला. सरांनी त्याचं एक नाटक मराठीत आणलं आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही तेच करत राहिलो. लंडनमध्ये साहेबाची कारकीर्द काय झाली ती झाली. पनवेलमध्ये जी झाली ती मी सांगते. मी त्यात म्हातारीचं काम करायचे, त्यामुळे ऐकीव काही नाही.

नाटक साधं. एक म्हातारा, एक म्हातारी. मुलगा बोटीवर गेलेला, परत यायची वेळ कधीच टळून गेलेली. म्हातारी रोज त्याचंही ताट वाढते. शेवटी म्हातारा खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहतो. मोठा पॉज. मग वळून म्हणतो, "चल, जेवून घेऊ." पडदा.

"त्या पॉजमध्ये बाप मुलाला सोडून देतो," सर सांगायचे. "बोलून नाही, गप्प राहून. सगळं नाटक त्या पॉजसाठी लिहिलंय. तो पॉज, मग ते वाक्य, मग पडदा. एवढं पनवेलमध्ये एकदा नीट झालं पाहिजे, सुलभाताई. एकदाच."

एवढीच मागणी होती त्यांची.

* * *

आमचे प्रॉम्प्टर नाना म्हात्रे. बेलपाड्याचे. गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांना विंगेत उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दिवसभर मिठागरात राबलेली माणसं संध्याकाळी राजे आणि प्रधान व्हायची, त्यांचं पाठांतर ते काय असणार? सगळं नाटक नानाच बोलायचे, नट ते फक्त मोठ्यानं बोलायचे. नानांची पद्धत ठरलेली होती. नट अडला की वाक्य हळू द्यायचं. त्यानं उचललं नाही तर जरा मोठ्यानं. तरीही नाही, तर तिसऱ्यांदा असं द्यायचं की नट बहिरा असला तरी बोलला पाहिजे.

वाचनाच्या दिवशी स्क्रिप्टमध्ये जागोजाग 'पॉज' लिहिलेलं बघून नानांनी चष्मा कपाळावर नेला.

"सर, हा पॉज कोनाला द्यायचा?"

"कोणालाच नाही. तिथं सगळे गप्प."

"मंग पब्लिक काय बघनार?"

सरांनी खूप वेळ समजावलं. शांततेचा अर्थ, साहेबाचं तंत्र, लंडनचे समीक्षक काय म्हणाले, सगळं. नाना मन लावून ऐकत होते.

"समजला," ते म्हणाले. "म्हंजे इसारल्याचं सोंग करायचं. पन सर, खराच इसारला तर मला कसं कळनार?"

सरांनी चहा मागवला.

* * *

पहिला प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये. पनवेलला तेव्हा हक्काचं नाट्यगृह नव्हतं. म्हाताऱ्याच्या कामाला बँकेतले पाटणकर होते, आवाजाचा माणूस. शेवटपर्यंत प्रयोग छान गेला. पाटणकर खिडकीशी गेले आणि उभे राहिले. हॉल शांत झाला. मी ताटासमोर बसलेले, माझ्या अंगावर काटा आला.

विंगेतून हळूच आलं, "चल, जेवून घेऊ."

पाटणकर कसलेले. पॉज सोडला नाही.

"चल, जेवून घेऊ." जरा मोठ्यानं.

पाटणकरांची मान लाल झालेली मला दिसत होती. मग नानांनी तिसऱ्यांदा दिलं आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा कळवळून म्हणाले, "अहो, जेवून घ्या म्हणतायत ते!"

हॉल हसून लोळला. पडदा कसाबसा पडला.

सर आत आले तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाले, "साहेबाचं पहिलं नाटक लंडनला एका खानावळीवरच्या हॉलमध्ये झालं होतं. मध्यंतरात पब्लिक खाली जेवायला गेलं ते वर आलंच नाही. आपले निदान बसले तरी."

"त्यांना जेवायचं सांगावं तरी लागलं नाही," पाटणकर म्हणाले आणि चिकटवलेली मिशी उपटायला लागले.

* * *

नंतर उलव्याच्या जत्रेत प्रयोग मिळाला. तेव्हाचं उलवे, शेतं, खाडी आणि चार आळ्या. नानांच्या ओळखीनं मिळालेला, हे निमित्त करून सरांनी नानांना विंगेतून उठवून मानानं पब्लिकमध्ये बसवलं होतं. आता कोण बोलणार?

पाटणकर खिडकीशी गेले. उभे राहिले. अख्खं गाव चिडीचूप. तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला. जत्रा कमिटीच्या अध्यक्षांना अशी शांतता अख्ख्या जत्रेत मिळाली नव्हती.

"मंडली शांत हायत तवर दोन घोषना. राजारामशेटकडून देवलाला भिंतीवरचा घड्याल भेट. दुसरी, कोनाची तरी बैलगाडी वाटंत उभी हाय, ती काढून घ्यावी. नाटक चालू द्या."

गाडीवाला उठला. त्याच्याबरोबर त्याचं घर उठलं, घराबरोबर आळी. परतीच्या टेम्पोत सर डोळे मिटून बसले. नाना मात्र समाधानात होते. "बघा सर," ते म्हणाले, "मी नव्हतो तरी घोटाला झाला."

* * *

नाट्यस्पर्धेतही उतरलो. त्या वेळी पाटणकरांनी नानांना घरून निघतानाच दम दिला होता. नानांनी कबूलही केलं. पण पॉज सुरू झाला आणि त्यांच्यानं राहवलं नाही. माणूस डोळ्यांदेखत बुडत असताना काठावर उभं राहायचं कसं, असं त्यांना वाटायचं. त्यांनी वाक्य दिलं.

परीक्षकांनी निकालानंतर शेरा वाचून दाखवला: "कलाकारांचे पाठांतर कच्चे. प्रॉम्प्टरचे उच्चार मात्र स्पष्ट व दमदार."

"नंबर आला काय आपला?" नानांनी विचारलं.

"तुमचा आला," सर म्हणाले. ते स्टँडपर्यंत आमच्या पुढे एकटेच चालत गेले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे काही होणार नाही. सरांनाही तेच वाटलं असणार. पण पुढच्या सोमवारी त्यांनी पुन्हा तालीम लावली.

* * *

मग केबल आली आणि आमचं पब्लिक घरीच बसलं. पाटणकरांना एका सीरियलमध्ये वकिलाचं काम मिळालं. कोर्टाच्या सीनमध्ये मागे उभं राहायचं, बोलायचं काही नाही. "शेवटी पॉज कामाला आला," असं म्हणून ते गेले ते गेलेच.

त्याच सुमाराला सरांचा एक विद्यार्थी इंग्लंडला जाऊन आला. सरांनी त्याला साहेबाचं कुठलं नाटक लागलंय ते बघून यायला सांगितलं होतं. पोरगं परत येऊन म्हणालं, "सर, तिथं कुणाला ते नावच माहीत नाही. पुस्तकाच्या दुकानातसुद्धा नाही. तो माणूस हयात असेल किंवा नसेलही."

सर उठून खिडकीशी गेले.

"म्हणजे आता जगात त्याचं नाटक करणारे आपणच," ते म्हणाले. "आणि आपल्याला येत नाही."

यावर हसायचं असतं हे मला माहीत आहे. आम्ही कोणी हसलो नाही.

* * *

शेवटचा प्रयोग पुन्हा शाळेच्या हॉलमध्येच, सरांनी स्वतः म्हातारा करून केला. नट उरला नव्हता. तब्येत बरी नव्हती, बोलताना अधूनमधून शब्द हरवायचे, पण हे नाटक त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेलं, त्यांना कोण काय शिकवणार? तिसऱ्या घंटेआधी त्यांनी नटराजासमोर नारळ ठेवला आणि नानांचा हात त्यावर.

"शपथ घ्या. शेवटच्या पॉजमध्ये तोंड उघडणार नाही."

"सर, पन…"

"माझी शपथ आहे, नाना."

नानांनी घेतली.

आणि काय सांगू! तो पॉज झाला. सर खिडकीशी गेले, उभे राहिले आणि हॉलमध्ये माणूस आहे असं वाटेना. कोणी खोकलं नाही. बाहेर हायवेवर ट्रक जात होते, तेही लांब गेल्यासारखे वाटत होते. पुढच्या रांगेत एक बाई पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं, जमलं. सर, जमलं.

मग सर वळले. मी त्यांचे डोळे बघितले आणि मला कळलं. त्यांच्याकडे वाक्य नव्हतं.

त्यांनी विंगेकडे बघितलं. नाना दोन्ही हातांनी तोंड दाबून उभे होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी बोलावं तर काय बोलावं? माझं ताट वाढून झालेलं, पुढचं वाक्य म्हाताऱ्याचं. सर माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. शेवटी पडदेवाल्याला दया आली.

टाळ्या थांबेनात. आमच्या इतक्या वर्षांत तेवढ्या टाळ्या कधी पडल्या नाहीत. लोकांना वाटलं, नाटक असंच संपतं.

आत सर खुर्चीत बसले होते. नाना समोर उभे, अपराध्यासारखे.

"पॉज झाला का, नाना?"

"झाला, सर," नाना म्हणाले. "पन संपला नाय."

* * *

सर त्यानंतर वर्षभरानं गेले. शोकसभा त्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर सरांचा फोटो, हार. अध्यक्ष म्हणून पाटणकरांना बोलावलं होतं, आता त्यांना सीरियलमुळे लोक ओळखत होते. नाना खाली बसले नाहीत. ते सरळ विंगेत जाऊन आपल्या जागेवर उभे राहिले. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

भाषणं झाली. कॉलेजचे झाले, शेजारचे झाले, साहेबाचं नाव कोणालाच आठवलं नाही. मग पाटणकर म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आपण सरांना श्रद्धांजली वाहू."

सगळे उभे राहिले. एवढी शांतता त्या हॉलमध्ये मी एकदाच ऐकली होती. पाटणकरांनी घड्याळ बघितलं, दोन मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगण्यासाठी मान वर केली आणि विंगेकडे बघत तसेच थांबले.

नाना विंगेतून फोटोकडे बघत होते.

"चल, जेवून घेऊ," त्यांनी हळूच वाक्य दिलं.

कोणी हललं नाही. नानांनी जरा वाट बघितली.

"चल, जेवून घेऊ." या वेळी थोडं मोठ्यानं.

पाटणकरांनी डोळे मिटून घेतले. नाना एक पाऊल पुढे आले, विंगेच्या कडेपर्यंत, आणि त्यांनी तिसऱ्यांदा वाक्य दिलं. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.