शांतीच्या रंगमंचावरचा खरा मार

शांतीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बोलायचं तर उजवीकडून बोला, नाहीतर ती नुसती मान डोलावते आणि नाटकातली पोरं म्हणतात, निर्मातीबाई भारी शिष्ट आहेत. शिष्ट कसली डोंबलाची! तो कान एका माणसानं कॅमेऱ्यासमोर फोडला, आणि ते चित्रण आजही कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे.

बेलपाड्याच्या काशिराम कोळ्याची ही थोरली. काशिराम खाडीत निवट्या मासळी, चिंबोऱ्या-खेकडे धरायचा आणि प्यायला की घरातल्यांना वल्ह्यानं बडवायचा. चहूकडून खारघरच्या इमारती चढल्या, खाडी आक्रसली, हा मात्र होता तसाच राहिला. विशी उलटल्यावर एक दिवस शांतीनं ते वल्हं त्याच्या हातातून हिसकावलं, त्याच्याच पाठीत घातलं आणि नेसत्या कपड्यांनिशी घर सोडलं.

कळंबोलीत तिनं खोली घेतली. सिरियलमध्ये काम देतो म्हणणाऱ्या एकानं तिला भलत्याच धंद्यात नेऊन सोडलं. मोठ्यांसाठीचे सिनेमे. अ‍ॅपवर चालतात, बघतात सगळे, बघितलं म्हणून कबूल कोणी करत नाही. तिथं तिचं नाव माया होतं. पुढं तिनं ते काम स्वतःच्या मर्जीनं केलं, त्यावर खोलीचं भाडं भरलं, लाजली नाही आणि मिरवलंही नाही. अंगावरचे कपडे काढण्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. जीव जायचा तो मार खाताना. दिग्दर्शक म्हणायचा, "मार खरा पाहिजे. खोटा पब्लिकला लगेच कळतो." मिथुन नावाच्या तिच्या हिरोनं एकदा अशी लगावली की कानातून रक्त आलं. शॉट ओके झाला आणि सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ती निघाली ती परत गेली नाही.

पनवेलात गुरुदत्त नावाचे एक म्हातारे नाटकं काढायचे. त्यांच्याकडे ती कपड्यांना इस्त्री करायला लागली. पहिल्याच प्रयोगात नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो असा प्रवेश होता. नटाचा हात नटीच्या गालापासून वीतभर लांबून गेला, तिनं मान झटकली, आणि विंगेत उभ्या माणसानं बरोबर त्याच क्षणी टाळी वाजवली. समोरच्या बायका "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. शांती इस्त्री हातात धरून ढसाढसा रडायला लागली. "असंही करता येतं होय? मग माझा कान कशाला फोडलात, मेल्यांनो!"

गुरुदत्त गेले तेव्हा कंपनी तिनं हातात घेतली. तिचा नियम एकच. आपल्या रंगमंचावर खरा हात कुणी उचलायचा नाही. ज्यानं उचलला त्याला पोलिसांत देणार, मग तो कोणी का असेना. दुसऱ्या कंपनीच्या नाटकात एका बड्या नटाचा मार खाल्लेली कोमल नावाची नटी या एका शब्दावर तिच्याकडे आली. "ताई, नक्की ना?" तिनं विचारलं होतं. "नक्की," शांती म्हणाली होती.

इकडे बाप गेल्यावर आईचं मन पाघळलं होतं. धाकटा भाऊ प्रणित कामावर गेला की शांती बेलपाड्याला जायची. आई तिला चिंबोरीचं कालवण वाढायची, ती जेवताना समोर बसून डोक्यावरून हात फिरवायची. घर म्हणावं असं शांतीला जगात एवढंच होतं. मग नव्या नाटकाची पोस्टरं एसटी स्टँडसमोर लागली. निर्माती शांती काशिराम कोळी. प्रणितच्या मित्रांनी त्याला नको नको ते ऐकवलं. त्याचा फोन आला. "बापाचं नाव लावतं? त्या धंद्यातली तू! पनवेलात पडदा उघडून तर बघ. आयेचं तोंड परत दिसाचं नाय तुला."

पडदा उघडला. रविवारची दुपार, नाट्यगृह भरलेलं. दुसरा अंक रंगात आला होता आणि मागच्या दारानं प्रणित आत घुसला. पलीकडच्या विंगेत त्याला शांती दिसली. मधे रंगमंच होता, दिवे होते, समोर माणसं होती, कशाचंच त्याला भान नव्हतं. तो सरळ चालत आला. प्रवेशात उभी असलेली कोमल आडवी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, मागे व्हा, प्रयोग चालू आहे." त्यानं सगळ्या ताकदीनिशी तिच्या तोंडात मारली. ती टेबलाच्या कडेवर आपटली. भुवई फाटली, चेहरा रक्तानं माखला.

आणि मग टाळ्या पडल्या! किती खरं केलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून एकानं शिट्टीसुद्धा मारली.

शांतीच्या अंगाची लाही लाही झाली. सेटचा लोखंडी पाइप हाताला लागला तो घेऊन ती धावली आणि तिनं प्रणितच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. त्यानं उरलेल्या हातानं तिचे केस धरून तिला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. ती त्याच्या पोटरीला चावली, मांस सुटेस्तोवर चावली. बॅकस्टेजच्या पोरांनी त्याला ओढून काढलं तरी टाळ्या चालूच होत्या. ती उठली. तोंडात रक्त होतं, त्याचं का स्वतःचं कोण जाणे.

"वाजवता काय टाळ्या, लाज नाही वाटत?" ती समोर बघून ओरडली. "नाटक नाही हे! हा माझा सख्खा भाऊ आहे!"

पडदा पाडला. दवाखान्यातून टाके घालून सगळी वरात पोलीस ठाण्यात पोचली. बेलपाड्याहून आईही आली. साहेब समजूतदार होते. म्हणाले, "घरातलं भांडण आहे, बाई. त्याचा हात तुम्हीच मोडलाय. तुम्ही तक्रार द्याल, तो देईल, दोघं अडकाल. मिटवून टाका." तोंडावर हात धरून एक हवालदार तिला निरखत होता. मायाला ओळखलं होतं त्यानं, ते तिला कळत होतं.

आई तिच्या उजव्या बाजूला आली. "पोरी, भाव हाय तुजा. मागं घे. घरा चल माज्याबरोबर. आता लपूनछपून नको, उजागरीनं ये. मी बघतंय कोन अडवतं ते."

हेच ऐकायला तर शांती इतकी वर्षं झुरली होती. हो म्हणायला ओठ उघडले होते तिचे. बाकड्यावर कोमल बसली होती, भुवईला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. ती काहीच मागत नव्हती. फक्त शांतीकडे बघत होती.

"लिहा, साहेब," शांती म्हणाली. "कोमलला त्यानं मारलं, ते आधी लिहा. त्याचा हात मी मोडला, तेही लिहा. मी नाकारणार नाही."

आईनं हात उचलला आणि शांतीच्या थोबाडीत ठेवून दिली. टेबलावरचे कागद सारखे करणाऱ्या हवालदारानं दचकून वर पाहिलं. आई वळली, प्रणितला धरून बाकड्यावर बसली आणि पदर तोंडाशी नेऊन भिंतीकडे बघत राहिली.

"हेसुद्धा लिहायचं का?" हवालदारानं विचारलं.

शांतीनं गालावर हात ठेवला. तो चुरचुरत होता. पुन्हा त्या हाताचा स्पर्श व्हायचा नव्हता तिला, कधीच.

"नाही," ती म्हणाली. "हे नका लिहू. ही माझी आई आहे."