मोरपिसाची अळी

शोभे, कागदावर का होईना, जरा जवळ बस. पुण्याहून फोन करतेस, पण तुझं सगळं ध्यान बूथच्या मीटरवर. अशानं माणसं कळतात का गं? म्हणून हे लिहून काढलं. चारचौघांनी वाचलं तरी वाचू देत, कारण साऱ्या राहुरी तालुक्यात माशाचा मान ठेवणारा एकच माणूस झाला, तो माझा धाकटा दीर, म्हणजे तुझा बाप.

फौजेत भाऊजी काश्मिरात एका साहेबाचे स्वयंपाकी होते. तिथल्या गार, नितळ ओढ्यात साहेब ट्राऊट मासे धरायचा, तेही खोट्या किड्यावर. पेन्शनीत निघताना लोक ट्रंका भरून आणतात. भाऊजींनी साहेबाची जुनी काठी आणि ही विद्या आणली. मुळा धरणाच्या गढूळ पाण्यात ट्राऊट नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "पानी तर हाय ना, वैनी," म्हणायचे.

किडा बांधताना गळ धरायला चिमटा हवा, तो नव्हता. मग माझं शिलाई मशीन! मशीनचा पाय खाली पाडून त्यात गळ दाबायचा आणि ऐन दिवाळीत, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज बाजूला सारून, भाऊजी बांधत बसायचे. मोरपिसाचे चार धागे टोकाकडून शेपटीला ठेवायचे, उरलेले गळाच्या दांडीवर गुंडाळत आणायचे, वरून पंपाच्या जळक्या मोटारीतली तांब्याची बारीक तार फिरवायची, डोक्याशी जरा कुबड काढायचं. झाली पाण्यातली अळी. इतकी हुबेहूब, की एकदा आमच्या कोंबडीनं चोचीत धरली. गळ सोडवताना मी रडकुंडीला आले, भाऊजी मात्र खूश. "कोंबडीला पटलं वैनी, आता मासा किती लांब?"

मासा लांबच राहिला. तुझे मोठे काका म्हणायचे, "आरं, आपला मासा कणकेच्या गोळीवर वाढलाय. त्याला मोरपीस कशाला, वरातीत नाचायचंय व्हय?"

"दादा, गांडूळ लावून कुनीबी धरतंय."

मग काचबिंदूनं गाठलं. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून भाऊजींना एकच ध्यास: दिसतंय तोवर आपल्या हातच्या अळीवर एक मासा लागावा.

आणि लागला गं! मीच हाताला धरून त्यांना काठावर नेलं होतं. दोरीला हिसका बसला, आणि चांगली तळहाताएवढी चिलापी. भाऊजींनी ती पार डोळ्यांशी नेली, न्याहाळली, हळूच गळ काढला आणि पाण्यात सोडून दिली.

"आवो भाऊजी, कालवण!" मी ओरडले.

"साहेबाची रीत हाय, वैनी. आपल्याला पटवायचा हुता, खायाचा न्हाई."

आता सांग, रिकाम्या हातानं घरी आलेल्यावर कोण विश्वास ठेवील? सगळे हसले. मी साक्ष दिली, तर म्हणाले, भावजय दिराचीच बाजू घेणार. फोनवर तूही हसलीस, "बाबा, खरंच लागला होता का?" म्हणालीस.  भाऊजी म्हणाले, "न्हाई गं. मजा केली."

तुला तो प्रश्न हसण्यावारी गेल्यासारखा वाटला असेल. मी समोर होते. त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही, आणि आता तर उजेड आणि सावली एवढंच उरलंय.

एखादा रविवार बघून ये, शोभे, लवकर ये. आल्यावर माफी-बिफी मागत बसू नकोस. त्यांच्याशेजारी बस आणि एवढंच विचार, मासा केवढा होता.